तीन शनिवार आणि एक बूच

ऐकायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मैत्रिणीनं हसता हसता माझ्याच कुर्त्यावर चहा सांडला, आणि तो डाग अजून गेलेला नाही. फजिती माझी आणि डागही माझ्याच कपड्यांना, हे काही बरं नाही.

तर मी अमरावतीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. बाहेर पडले तेव्हा माझं पक्कं मत होतं की वऱ्हाड सुधारायला दोनच गोष्टी पुरेत. एक विज्ञान आणि दुसरी मी. यातल्या विज्ञानाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

योजना साधी होती. गाडीत प्रयोगशाळा मांडायची, गावोगावच्या शाळांत जायचं, चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचं, संध्याकाळ झाली तर गाडीतच झोपायचं. अडचण एवढीच की माझ्याकडे गाडी नव्हती. पण अकोल्याला माझे वकीलकाका होते आणि त्यांच्या अंगणात, कडुनिंबाखाली, चाकांवरचं एक घर उभं होतं.

घर म्हणजे खरंच घर. वकिली जोरात असताना काकांनी एक मिनीबस घेतली आणि सुताराकडून आतून बदलून घेतली. झोपायला दोन बाक, घडीचं टेबल, गॅसची शेगडी, भांडी घासायला छोटी मोरी, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे स्क्रूनं बसवलेला देव्हारा. त्यातून काका-काकू रामेश्वरापासून हरिद्वारापर्यंत सगळं फिरून आले. मग काकांचे गुडघे गेले आणि गाडी आठ वर्षं अंगणात उभी राहिली. खारींनी आतल्या गाद्या उसवून टाकल्या होत्या. काकू म्हणायच्या, एवढ्या यात्रा केलेल्या गाडीत जन्मलेल्या खारी आहेत, त्यांना हाकलू नका.

मी गाडी मागितली. काका आरामखुर्चीतून म्हणाले, "रेवा, भंगारवाला येऊन पाहून गेला आहे. रविवारी नेतो म्हणतो."

"काका, ही गाडी म्हणजे चळवळ आहे."

"चळवळ करते का ते पाहावं लागेल. आठ वर्षांत तर हलली नाही."

शेवटी त्यांनी वकिली पद्धतीनं अट घातली. मूर्तिजापूरच्या पुढे एका गावातल्या शाळेनं मला तीन शनिवार दिले होते, सकाळी अकराची वेळ. काका म्हणाले, "तीनपैकी एका शनिवारी तरी अकराच्या आत पोचून दाखव. मी मुख्याध्यापिकांना फोन करून विचारीन. पोचली तर गाडी तुझी. नाही तर तिसऱ्या रविवारी भंगारवाला."

मी हसले. अकोला ते ते गाव, पन्नास किलोमीटर. तीन संधी. मला तर अटच अपमानास्पद वाटली.

गाडीबरोबर सुदामभाऊ आले. रामेश्वराला गाडी नेणारे तेच. आता साठीला आलेले, मूर्तिजापूरकडं शेती, पण काकांचा शब्द मोडायचे नाहीत. स्वभाव शांत, बोलणं तिखट. गाडी पाहिल्यावर त्यांनी आधी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. मी म्हटलं, "सुदामभाऊ, हे यंत्र आहे."

"हो ताई. यंत्रच हाये. म्हणून त भेव वाटते."

मेकॅनिककडून इंजिन, ब्रेक, टायर सगळं करून घेतलं. गाडी सुरू झाली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणातून ओरडल्या. त्यांच्या रांगोळीच्या मधोमध डिझेलचा काळा गोल होता.

आता इथे आमच्या घरची एक पद्धत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. काकूंचा नियम असा की घराबाहेर पडताना कुठलंही भांडं अर्धवट भरलेलं न्यायचं नाही. पाण्याचा तांब्या काठोकाठ, डबा शिगोशीग. हाच नियम गाडीच्या टाकीला. पंपावर टाकी भरली की गाडी दोन्ही बाजूंनी हलवायची, बुडबुडे बसू द्यायचे आणि वर आणखी डिझेल घालायचं. झाकणापर्यंत. यात्रेच्या गाडीची ओटी भरतात तशी. गाडी उभी राहीपर्यंत वीस वर्षं सुदामभाऊ ते इमानेइतबारे करत आले होते. गाडीचा काटा कधीच मेलेला, त्यामुळे किती डिझेल आहे ते काडी घालून पाहायचं. काडी वरपर्यंत ओली झाली की काकू खूश.

मी गाडीखाली झोपून पाहिलं. टाकीच्या वरच्या अंगातून एक बारीक नळी निघून खाली लोंबत होती आणि तिच्या टोकातून थेंब थेंब गळत होतं. मी गाडी घेऊन जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, हमीदचाचांच्या गॅरेजला गेले. चाचा चाळीस वर्षं डिझेलच्या गाड्या करतात. त्यांनी गाडीखाली एकदा पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "बेटा, हे गळत नाही. उतू जाते. टाकी गळ्यापर्यंत भरता ना तुमी? वर ऊन लागते, डिझेल फुगते, जागा पाहते. चार बोटं खाली ठेवा. आणि ती जी बारीक नळी हाये ना, तिले..."

"समजलं चाचा," मी म्हणाले. मला घाई होती. पोस्टर रंगवायचे होते.

"अरे पूरा सुन तो ले."

"चाचा, मी फिजिक्सवाली आहे."

चाचांनी मान डोलावली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले. त्या मान डोलावण्यात काय होतं ते मला कळायला तीन शनिवार लागले.

काकूंना टाकी चार बोटं कमी भरा असं सांगायची कुणाचीच हिंमत नव्हती. माझी पण नाही. म्हणून मी दुसरा मार्ग काढला. जिथून गळतं ते बंद करायचं. केमिस्ट्रीच्या खोक्यात परीक्षानळ्यांचे रबरी बूच होते. त्यातला एक नळीच्या तोंडात असा घट्ट बसला, जणू तिच्यासाठीच केलेला. वरून तार आवळली. टाकीचं झाकणही जुनं, ढिलं, कापडात गुंडाळून बसवलेलं होतं. ते फेकलं आणि बाजारातून नवं आणलं, रबराचा वायसर असलेलं, चावीचं. फिरवलं की कट्ट वाजायचं.

दुसऱ्या दिवशी रांगोळी स्वच्छ. काकूंनी मला शंकरपाळे दिले. सुदामभाऊंनी विचारलं, "गळती कशी बंद केली ताई?"

"शास्त्रीय पद्धतीनं."

"म्हंजे?"

"सांगते सावकाश." आणि सावकाश कधी आलंच नाही.

पहिला शनिवार. टाकी काठोकाठ, गाडीच्या अंगावर मी स्वतः रंगवलेले प्रश्न: आकाश निळं का? भूत दिसतं म्हणजे काय दिसतं? साडेआठला निघालो. वेळच वेळ होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक वळण आहे. वळणावर कडुनिंब, कडुनिंबाखाली शेंदरी मारुती, मारुतीच्या बाजूला पार्वताबाईंचं टपरीवजा दुकान. चहा, भजी, बिस्किटं आणि नारळ. बरोबर त्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले, उसासा टाकला आणि बंद पडली. मारुतीसमोर.

मी बॅटरीच्या तारा पाहिल्या, फ्यूज पाहिले. सुदामभाऊ खाली उतरून आधी मारुतीकडे बघत उभे राहिले.

"ताई, आज शनवार हाये."

"मला माहीत आहे आज शनिवार आहे."

"मारुतीचा दिवस. दाराहून चाललो अन् थांबलो नाही. एक नारळ फोडू का?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. गाडीवर तीन फुटांच्या अक्षरांत लिहिलं होतं: चमत्कार असा काही नसतो. "या गाडीतून उतरून तुम्ही नारळ फोडणार?"

"उतरून नाही त काय गाडीत बसून फोडू?"

चाळीस मिनिटं मी स्टार्टर मारत राहिले. इंजिन फिरायचं, खोकायचं, मरायचं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. शेवटी मी दुसरीकडे तोंड फिरवलं, म्हणजे माझ्या तत्त्वांना दिसू नये म्हणून. पाठीमागे नारळ फुटल्याचा आवाज आला. सुदामभाऊंनी प्रसाद वाटला, मग सवयीप्रमाणे टाकीचं झाकण उघडून काडी घालून डिझेल पाहिलं, कारण देवाचं झालं की गाडीचं पाहायचं ही त्यांची शिस्त. इंजिनपाशी डिझेलचा छोटा हातपंप दाबून नळीत शिरलेली हवा काढली. स्टार्टर मारला.

गाडी सुरू झाली.

पार्वताबाई टपरीतून म्हणाल्या, "पावला वं माय."

शाळेत पोचलो साडेअकराला. मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. "मॅडम, तुमच्यापेक्षा आमची शकुंतला आगगाडी बरी होती. ती उशिरा यायची, पण कधी येईल ते माहीत असायचं." आणि वर एक प्रयोग मला करताच आला नाही, कारण एक रबरी बूच कमी पडला. मी मुलांना सांगितलं, तो हरवला.

त्या रात्री मला झोप आली नाही असं म्हणणार होते, पण झोप छान आली. कारण मला कोडं सुटलं होतं. सुदामभाऊ आणि पार्वताबाई मिळालेले होते. ड्रायव्हर वळणावर गाडी बंद पाडणार, बाईचा नारळ खपणार. अंधश्रद्धेचं अर्थकारण हे असंच चालतं. माझ्याच गाडीत ते चालू होतं.

दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, "सुदामभाऊ, आज मी चालवते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "काहून?"

"सवय हवी."

मी डायरीसुद्धा ठेवली होती. तापमान, वेळ, किलोमीटर, वेग. नारळ हा रकाना मी मुद्दाम शेवटी आखला होता आणि त्याखाली ठळक शून्य लिहून ठेवलं होतं. बाजूला सुदामभाऊ हात जोडून बसले. मारुतीचं वळण आलं. मी गिअर बदलला, वेग वाढवला, दात आवळले.

दोन आचके. उसासा. बंद.

"आता मी त पाय बी लावला नाही," सुदामभाऊ शांतपणे म्हणाले.

मला वाटलं, मानायचं नाही. कारण असणारच. मी खाली उतरले तर टाकीतून 'ढब्ब' असा आवाज आला, रिकाम्या पिंपावर कुणी बुक्की मारावी तसा. वाकून पाहिलं तर टाकीचा पत्रा चांगला तळहाताएवढा आत गेलेला. झालं. मी सुदामभाऊंवर चढले. "तुम्ही गाडी दगडावर घातली. टाकी चेपली. मला सांगितलंही नाही."

"ताई, म्या गाडी कुठीसा घातली नाही."

"मग हे आपोआप झालं?"

"मारुतीनं बुक्की मारली असन," पार्वताबाई भजी तळता तळता म्हणाल्या. त्या चेष्टा करत होत्या का खरं बोलत होत्या, मला आजही माहीत नाही.

मी फ्यूज काढले, लावले. फिल्टर काढला, पाहिला, लावला. अकरा वाजून गेले. सव्वाअकराला मी गाडीत शिरून घडीच्या टेबलावर डोकं टेकलं. बाहेर नारळ फुटला. मग झाकणाची चावी फिरल्याचा आवाज, काडी, हातपंप, स्टार्टर. गाडी गुरगुरायला लागली. डायरीत नारळाच्या रकान्यातलं शून्य खोडून मी एक लिहिलं, आणि एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं की ते कुणाला दिसू नये.

शाळेत पोचलो तेव्हा मुलं खिचडी खाऊन घरी गेली होती. मुख्याध्यापिकांनी मला पण खिचडी वाढली. आग्रहानं वाढली नाही, पण वाढली. म्हणाल्या, "एकच शनिवार उरला मॅडम. पुढच्या महिन्यात परीक्षा."

घरी भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा काका स्पीकर चालू ठेवून बोलले. "हो, रविवारी या. टाकी? टाकी चेपलेली आहे, हो."

आता तुम्हाला खरं सांगते, कारण इथपर्यंत आलात. त्या आठवड्यात मी माझ्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. दोनदा प्रयोग, दोनदा तोच निकाल. नारळ नाही तर गाडी नाही. नारळ फोडला की गाडी सुरू. मी एम.एस्सी.ला शिकले होते की निरीक्षण आवडलं नाही म्हणून नाकारायचं नसतं. मी स्वतःला म्हटलं, रेवा, हा अंधविश्वास नाही, ही प्रायोगिक शिस्त आहे. माणूस घसरतो तेव्हा पायाखाली असलंच काहीतरी गुळगुळीत असतं.

तिसरा शनिवार. काकूंनी आदल्या दिवशी टाकी भरून घेतली होती, निघताना गाडीला कुंकू लावलं, आणि काकांनी खिडकीतून घड्याळाकडे बोट दाखवलं. मी सुदामभाऊंना गाडी चालवायला दिली. मारुतीचं वळण यायच्या आधीच गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. ढकलत ढकलत कडुनिंबाखाली पोचलो. दहा वाजून पाच मिनिटं.

मी कुणाला बोलू न देता उतरले. सरळ पार्वताबाईंकडे गेले. "एक नारळ द्या."

सुदामभाऊंचा हात स्टिअरिंगवरच राहिला. "ताई, तुमी?"

"वेळ नाही आपल्याकडे."

आयुष्यात पहिल्यांदा नारळ फोडत होते. पहिल्यांदा दगडावर आपटला तर निसटून रस्त्यावर घरंगळत गेला. दुसऱ्यांदा अर्धा माझ्या पायावर पडला. पार्वताबाईंनी मारुतीच्या पायाचा शेंदूर घेऊन माझ्या कपाळाला भला मोठा टिळा लावला. मी तोही लावून घेतला. आणि डोळे मिटून, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मनात म्हणाले, फक्त आजचा दिवस.

सुदामभाऊ काडी घेऊन टाकीकडे निघाले. मी ओरडले, "काडी नको आता. टाकी काल काठोकाठ भरली आहे. आधी गाडी सुरू करा."

त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, खोकलं, मेलं.

पुन्हा मारला. मेलं.

मी मारुतीकडे पाहिलं. तुम्हाला पटणार नाही, पण मला राग आला. ज्याला मी मानतच नव्हते, त्यानं माझा नारळ घेतला नाही म्हणून मला राग आला. सुदामभाऊंचा दोनदा घेतला, माझा का नाही? हा भेदभाव कशाचा?

सुदामभाऊ खिडकीतून म्हणाले, "मनातून फोडला नाही ताई तुमी."

"मनातूनच फोडला."

"मंग त्याले शंका आली असन."

सव्वादहा. मी टपरीच्या बाकावर जाऊन बसले. सगळं संपलं होतं. उद्या भंगारवाला. चाकांवरचं घर वजनावर जाणार, देव्हारा, मोरी, खारींच्या गाद्या, माझी तीन फुटांची अक्षरं, सगळं. समोर पार्वताबाई तेलाचा नवा डबा उघडत होत्या. त्यांनी खिळा ठेवला, दगडानं ठोकला, एक भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरका केला. तेल बुड् बुड् करत थोडं आलं आणि थांबलं.

आता शिकवायची सवय मरताना पण जात नाही. मी बसल्या बसल्या सुरू झाले. "आजी, एका भोकानं तेल येणार नाही. समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडा. तेल बाहेर जातं तेवढी आत जागा होते ना, तिथे हवा जायला पाहिजे. हवा गेली नाही तर आत पोकळी तयार होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब तेलाला अडवून धरतो. डबा पातळ पत्र्याचा असेल तर तो बाहेरच्या दाबानं आतसुद्धा चेप..."

मी थांबले.

पार्वताबाई म्हणाल्या, "माहीत हाये वं माय. दुसरा खिळा शोधून राहिली होती ना म्या."

मी उठून उभी राहिले. गाडीकडे पाहिलं. गाडीवर, टाकीच्या झाकणाच्या बरोबर वर, मी स्वतःच्या हातानं एक चित्र रंगवलेलं होतं. दोन भोकांचा तेलाचा डबा, आत जाणारा निळा बाण, बाहेर येणारा पिवळा बाण. खाली माझं सुंदर अक्षर: दुसरं भोक कशासाठी? विचार करा!

उद्गारचिन्हसुद्धा मीच काढलं होतं.

मी पळत गेले, झाकणाची चावी फिरवली आणि झाकण सैल झालं तसा टाकीतून आवाज आला. सुस्स्स... लांबलचक, थकलेला, जणू कुणी तीन आठवडे श्वास धरून ठेवला होता. आत चेपलेला पत्रा ढब्बकन बाहेर आला.

सुदामभाऊ हात जोडून उभे होते. "पाहा. दर खेपेस असाच सुस्कारा टाकत होता. झाकण काढलं की. म्या म्हटलं मारुतीराया पावला."

"दर वेळी? तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमाले सांगून काय करता? तुमी म्हणल्या असत्या अंधश्रद्धा हाये."

मी गाडीखाली शिरले. तार सोडली. रबरी बूच इतका घट्ट बसला होता की पार्वताबाईंच्या पकडीनं ओढावा लागला. बाहेर येऊन मी तो हातावर ठेवला. सुदामभाऊंनी चष्मा लावून पाहिला.

"हे काय हाये?"

"परीक्षानळीचा बूच."

"हा नळीत कोणं घातला?"

सुदामभाऊंनी बुचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळावरच्या शेंदराकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाले, "ही त टाकीच्या नाकपुडीची नळी हाये. मले पयल्या दिवशी सांगतलं असतं त पयल्याच दिवशी काढला असता. तुमी म्हणल्या, शास्त्रीय पद्धत."

हातपंपानं हवा काढली, स्टार्टर मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली. दहा वाजून पंचवीस. मी उरलेल्या रस्त्याकडे असं पाहत बसले, जणू पाहण्यानं गाडी जोरात जाते. मूर्तिजापूर गेलं, फाटक उघडं मिळालं, म्हशींनी वाट दिली. शाळेच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती.

मुख्याध्यापिका धावत पुढे आल्या. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, डॅशबोर्डवरच्या नारळाच्या वाटीकडे पाहिलं, मग फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर मुलांनी रंगीत खडूनं लिहून ठेवलं होतं: आजचा विषय, नवस-सायास आणि विज्ञान.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "आज दोन्ही बाजू मांडणार का?"

मी तोंड धुऊन आले आणि तासभर फक्त तेलाच्या डब्याचा प्रयोग केला. बूच आता एकही कमी नव्हता.

काकांनी फोन करून खात्री करून घेतली आणि गाडी माझ्या नावावर केली. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. काकूंशी तहाची बोलणी झाली. टाकी चार बोटं रिकामी राहील, पण काठोकाठ भरलेला तांब्या देव्हाऱ्यापाशी ठेवून मगच गाडी निघेल. रांगोळी कोरडी आहे. तांब्याचं पाणी वळणावळणावर माझ्या पायावर सांडतं, त्याला इलाज नाही.

मी हमीदचाचांकडे पण गेले. माफी मागायला. विचारलं, "चाचा, त्या दिवशी तुम्ही म्हणत होता, ती बारीक नळी हाये ना, तिले... पुढे काय होतं?"

चाचांनी हात पुसले. "तिले कधी बंद करू नको, असं. बस, चार लफ्ज बाकी होते बेटा."

आता दर शनिवारी गाडी वेळेवर निघते आणि वेळेवर पोचते. पण मारुतीच्या वळणावर सुदामभाऊ अजून थांबतात. चहा होतो, भजी होतात आणि ते एक नारळ फोडतात. परवा मी शेवटी विचारलंच, "सुदामभाऊ, आता तर गाडी बंद पडत नाही. मग नारळ कायले?"

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"गाडीसाठी नाही ताई. गाडीचा बूच त निंघाला. हा तुमचा निंघावा म्हणून हाये."